एक लाख तीन

१

मार्गशीर्षातल्या चतुर्थीच्या सकाळी, तांबट आळीच्या टोकाला असलेल्या चिंतामणीच्या देवळात मुकुटाची पेटी उघडली आणि ती रिकामी निघाली. आत लाल मखमल होती, मखमलीवर मुकुटाच्या कडेचा गोल वण होता, मुकुट तेवढा नव्हता. सात माणकांचा तो चांदीचा मुकुट वर्षातून चारदाच देवाच्या मस्तकी चढायचा.

पुजारी श्रीनिवासभटांनी कपाळावर हात मारून घेतला. कसबा पेठेत चोर सापडायला वेळ लागतो, चोर ठरायला लागत नाही. आदल्या संध्याकाळी सोनबा तांबट समईची दांडी बसवायला गाभाऱ्यात गेला होता. भटजी विहिरीवर गेले तेवढा वेळ तो आत एकटा होता. एवढे पुरे झाले.

"मी न्हाई घेतला," सोनबा म्हणाला. पुन्हा विचारले तरी तेच म्हणाला.

पेठेतल्या पंचांचे मुख्य होते दत्तोबा शेटे. त्यांनी उपरणे सावरले आणि निवाडा दिला. साक्षीदार नाही, मुद्देमाल नाही, तेव्हा दिव्य करायचे. उद्या सकाळी देवळापुढे कढईत तेल उकळायचे, त्यात तांब्याचा एक तुकडा टाकायचा आणि सोनबाने तो उजव्या हाताने बाहेर काढायचा. हाताला फोड आले नाहीत तर तो निर्दोष.

"आणि आले तर?" बायकांतून आवाज आला.

"तर चोर."

"उकळत्या तेलात कुणाच्या हाताला फोड येत नाहीत, शेटे? तुमच्या?"

गर्दीत कुणीतरी हसले आणि लगेच खोकल्याचे सोंग आणले. असे बोलणारी बाई पेठेत एकच होती. जोशांची मंदाकिनी.

मंदाकिनीबाईंचा नवरा फौजेबरोबर पानिपतावर गेला होता. त्याला सहा वर्षे होऊन गेली. तो परतला नाही, आणि मेल्याची खबरही कुणी आणली नाही. सगळ्या पेठेने त्याला मेलेला धरले होते. बाईंनी धरले नव्हते. रोज सकाळी कपाळावर कुंकवाची आडवी चिरी लावून त्या बाहेर पडत, आणि पेठ तोंड वाकडे करी. तोंड पेठेचे होते, कपाळ त्यांचे होते.

आज त्या देवळात आल्या होत्या त्या लाखोलीसाठी. चतुर्थीला देवाला एक लाख अखंड तांदळाची लाखोली वाहायची होती. बारा बायकांनी त्यांच्या ओसरीवर बसून नऊ दिवसांत ते दाणे एकेक करून मोजले होते. त्या बारांतली एक सोनबाची बायको बायडाबाई. ती आता मंदाकिनीबाईंचा पदर धरून उभी होती.

"बाई, त्यांचा हात गेला तर हातोडी कोण धरंल? आमी खायाचं काय?"

"हात जाणार नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. म्हणून तर गेल्या, पण कसा जाणार नाही ते त्यांनाही अजून ठाऊक नव्हते.

२

चौकशीला कोतवालीचा जमादार मैनुद्दीन आला. साठीला आलेला, कमी बोलणारा माणूस. देवळाबाहेरच्या ओट्यावर त्याने बैठक मारली, मांडीवर कागद घेतला आणि श्रीनिवासभटांना समोर बसवले.

"भटजी, सोनबा येण्याआधी गाभाऱ्यात कोण होतं?"

"मी. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही दिवस. पहाटेची पूजा झाली की दार लावून आत बसायचो. लाखोलीचा पडताळा होता ना. बायकांनी मोजलेलं देवापुढे तसंच कसं ठेवणार? रीत आहे, पुजाऱ्यानं पुन्हा मोजायचं."

"तीन दिवसांत बाहेर कुठे?"

"दिवेलागणीला विहिरीवर. बाकी जागचा हललो नाही. एक लाख दाणे, जमादार! पाच पाच बोटानं सारत मोजले तरी तीन दिवस जातात. मान मोडून आली."

जमादाराने मान डोलावली. हिशेब खरा होता. मोजायला बसलेल्या माणसाला दुसरे काही करायला उसंत मिळाली नसती. पेटी भटजींच्या पाठीशी होती, किल्ली भटजींच्या कमरेला; फक्त विहिरीवर जाताना ते ती खुंटीला अडकवत. म्हणजे मुकुट गेला तो सोनबा एकटा असताना, त्या घटकाभरात. सगळी बोटे सोनबाकडेच वळत होती.

मंदाकिनीबाई विहिरीच्या कट्ट्याला टेकून ऐकत होत्या. बाजूला दोरीवर भटजींचे धुतलेले धोतर वाळत होते. त्याच्या काठाला बोटभर रुंदीत कुसळे रुतून बसली होती. कुसळाचे तसेच असते, धुतले तरी निघत नाही. बाईंनी एक उपटून बोटांत फिरवले. कसब्याच्या फरसबंद बोळात कुसळी गवत उगवत नाही, आणि गाभाऱ्यात तर नाहीच नाही. पण भटजी म्हणतील, धोतर महिन्यापूर्वी शेतावर नेसलो होतो. कुसळाने कुणाचा हात वाचत नाही.

त्या ओट्यापाशी आल्या.

"भटजी, आमची मोजणी बरोबर आली ना हो? बारा बायकांचा जीव त्यात अडकलाय."

"चोख आली. कौतुक आहे."

"ढीग कितीकितीचे केलेत?"

"शंभराशंभराचे. ढिगाला एक कवडी. हजार कवड्या झाल्या."

"शेवटचा ढीग अपुरा नाही ना पडला? आम्हाला तीच धाकधूक."

"भरून आला. एक दाणा कमी नाही, एक दाणा जास्त नाही. चिंतामणीची शपथ!"

मंदाकिनीबाई जमादाराकडे वळल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "जमादार, एवढं वाक्य कागदावर घ्या. आणि भटजींची निशाणी घ्या खाली."

मैनुद्दीनने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. काय दिसले कोण जाणे, पण त्याने वाक्य लिहिले आणि भटजी हसत सही ठोकून आत गेले.

"आता लाखोलीच्या पिशवीला तुमची मोहोर लावा, आणि पिशवी तुमच्यापाशी ठेवा. उद्यापर्यंत कुणाचा हात लागता कामा नये."

"का, बाई?"

"कारण भटजींनी ती पिशवी उघडलेलीसुद्धा नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

३

दत्तोबा शेट्यांच्या सोप्यावर दुपारी त्या उभ्या राहिल्या. बसा म्हणायची शेट्यांना आठवण झाली नाही.

"पिशवीत एक लाख दाणे नाहीत," बाई म्हणाल्या. "एक लाख तीन आहेत."

"तीन कशाला?"

"माझ्या माहेरची रीत. एक ग्रामदैवताचा, एक कुळदैवताचा आणि एक मुंगीचा. माझे वडील नाना लाखोली मोजायचे तेव्हा असेच तीन घालायचे. आम्ही बारा जणींनीही घातले. भटजींना ते ठाऊक नव्हतं. लाखोली म्हणजे लाख, एवढंच त्यांनी धरलं. शंभराशंभराचे ढीग करून मोजले असते तर शेवटी तीन दाणे हातात उरले असते. ते शपथेवर म्हणतात, काही उरलं नाही. म्हणजे मोजलंच नाही. आणि मोजलं नाही, तर तीन दिवस दार लावून केलं काय?"

दत्तोबांनी पानाला चुना लावला. "तीन दाण्यांवरून ब्राह्मणाला चोर ठरवू? आकडा साक्षीला येतो होय?"

"तेल येतं, मग आकड्यानं काय घोडं मारलंय?"

"मंदाकिनीबाई, गणित बायकांचं काम नाही. तुम्हाला साधं माणूस मोजता येत नाही. सहा वर्षं झाली, पेठ सांगतेय तो गेला, आणि तुम्ही त्याला अजून धरून बसलाय."

सोप्यावर बसलेले दोघेतिघे खाली बघू लागले. डोळ्यांत पाणी आणायला ही जागा नव्हती आणि हा माणूसही नव्हता.

"ज्याची खबर नाही तो मी वजा करत नाही, शेटे," त्या म्हणाल्या. "तुम्ही मात्र सोनबाचा हात आजच वजा केलात. आता माझं ऐका. उद्या कढई चुलीवर चढवा, पण दिव्याआधी माझा तांदूळ सगळ्यांसमोर मोजा. तीन दाणे उरले नाहीत, तर सोनबाच्या आधी माझा हात तेलात."

दत्तोबांच्या हातातले पान तसेच राहिले. एवढ्या माणसांत नाही म्हणायची सोय नव्हती.

"कबूल," ते म्हणाले.

घरी परतताना बाईंच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. बारा बायका, नऊ दिवस, एक लाख तीन दाणे. कुणाची डुलकी लागली असेल, कुणाचे मूल मध्येच रडले असेल. एका दाण्याची चूक झाली असेल तर?

त्यांनी वडिलांची जुनी पेटी उघडली आणि तळाशी ठेवलेला कागद काढला. वर नानांच्या अक्षरात आकडा होता, १,००,००३. खाली एकाखाली एक पासष्ट भागाकार. दोनाने भागून बाकी एक. तिनाने भागून बाकी एक. पाचाने भागून बाकी तीन. चार, सहा वगळलेले, कारण दोनाने जात नाही ते त्यांनीही जाणार नाही. असे थेट तीनशे तेरापर्यंत. कुठेही बाकी शून्य नव्हती. निम्मे भागाकार नानांचे होते, आणि निम्मे बारा वर्षांच्या मंदाकिनीने धुळपाटीवर बोटाने केलेले.

"लाखात एक घातला तर अकराने भाग जातो," नाना म्हणाले होते. "दोन घातले तर दोनानेच जातो. तीन घातले की मात्र कुणाच्या बापाला तुकडे करता येत नाहीत. या संख्येला अच्छेद्य म्हणतात, पोरी. हिचे सारखे भाग पाडायला जाणारा तोंडावर आपटतो."

कागद घडी घालून त्यांनी कनवटीला लावला.

४

दुसऱ्या दिवशी उन्हे देवळाच्या पायरीवर आली तेव्हा चुलीवर कढई चढलेली होती. सोनबाची नखे काढून, हात धुऊन त्याला कढईजवळ बसवले होते. तो तेलाकडे बघत नव्हता. स्वतःच्या पंजाकडे बघत होता.

मैनुद्दीनने मोहोर सगळ्यांना दाखवून फोडली. पिशवीची गाठ उघडली.

"मोजणार कोण?" दत्तोबांनी विचारले. "तीन दिवस बसायचं का इथं?"

तेवढ्यात आळीतली ठोक्यांची ठकठक थांबली. जन्मापासून जो आवाज कानात होता तो थांबल्यावर कसब्यातली माणसे दचकून इकडेतिकडे पाहू लागली. बोळातून तांबट येत होते. चाळीस जण. बायडाबाईने पहाटेपासून घरोघर फिरून त्यांना उठवले होते. देवळाच्या अंगणात ते ओळीने मांडी घालून बसले, प्रत्येकाने पुढ्यात धुतलेले फडके अंथरले आणि मोजणी सुरू झाली.

शंभर दाण्यांचा एक ढीग. एकेकाला पंचवीस ढीग. हातोडीने पत्र्याला केसाइतकी गोलाई देणारी ती बोटे, दाणा चुकवतील कशाला? पंच मधून फिरत होते, शेजाऱ्याचा ढीग शेजारी पुन्हा मोजत होता. मंदाकिनीबाई पायरीवर बसून होत्या.

"नऊशे अठ्ठ्याण्णव," मैनुद्दीन मोजत गेला. "नऊशे नव्व्याण्णव."

शेवटच्या फडक्यावर म्हातारा तांबट दाणे सारत होता. नव्वद. पंचाण्णव. शंभर.

"हजार," जमादार म्हणाला.

म्हाताऱ्याने पिशवी उलटी करून झटकली. मग तळहात पुढे केला. तळहातावर तीन दाणे होते.

५

सगळ्यांच्या माना श्रीनिवासभटांकडे वळल्या. भटजींचा चेहरा उतरला होता, पण जीभ शाबूत होती.

"शंभर मी सवयीनं म्हणालो," ते म्हणाले. "ढीग मी एकविसाएकविसाचे केले. गणपतीची संख्या एकवीस. तेव्हा काही उरलं नाही."

दत्तोबांचा जीव भांड्यात पडला. "हां! तसं असेल."

"एकविसाचे?" मंदाकिनीबाई उठल्या. त्यांनी सोबत आणलेली धुळपाटी पुढे ओढली आणि बोट चालवले. "चार हजार सातशे बासष्ट ढीग, आणि एक दाणा उरतो. तो कुठे ठेवलात?"

"एकवीस नाही... एकशेआठ. जपाचे."

"नऊशे पंचवीस ढीग. एकशे तीन उरतात. आणखी पाच मिळाले असते तर ढीग झाला असता. पुढे?"

"तेरा!"

"तेराचे ढीग कोण घालतं हो? पण असो. सात उरतात."

तांबटांत खसखस पिकली. भटजींनी सतरा म्हटले, नऊ उरले. सात म्हटले, एक उरला. आकडा बदलावा आणि बाईंनी बाकी सांगावी, असे चालले. भटजींचे कपाळ घामाने भिजले.

"अहो भटजी, कशाला त्रास घेता?" मंदाकिनीबाईंनी कनवटीचा कागद काढून पंचांपुढे पसरला. "हे पासष्ट भागाकार बघा. पाहिजे तो निवडून पडताळा. तीनशे सोळापर्यंत कुठल्याही मापाचे ढीग घाला, काही ना काही उरतंच. त्याहून मोठे ढीग घातले तर ढिगांची संख्या तीनशे सोळाच्या आत येते, आणि त्या आतल्या कुठल्याच संख्येनं भाग जात नाही, हे आधीच पाहून झालंय. या तांदळाचे सारखे ढीग दोनच तऱ्हांनी होतात. एकतर एकेक दाणा वेगळा ठेवा, नाहीतर सगळ्याचा मिळून एकच ढीग घाला."

"तसंच केलं मी! एकच ढीग घातला!" भटजी ओरडले.

अंगण हसण्याने दणाणले. सोनबासुद्धा हसला.

"त्याला मोजणं म्हणत नाहीत," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "त्याला पिशवी ओतणं म्हणतात. आणि तुम्ही तेही केलं नाहीत."

दत्तोबा अजून धुमसत होते. "पण बाई, तीन दाण्यांकडे दुर्लक्ष झालं असेल. माणूस आहे."

"लाख दाणे मोजलेल्या माणसाला पहिल्यांदा काय दिसतं, शेटे? उरलेलं दिसतं. यांनी खरंच मोजलं असतं, तर बुधवारी माझ्या दारात येऊन ओरडले असते, बाई, तुम्हाला मोजता येत नाही, तीन जास्त घातलेत. पुजारी बायकांची चूक सोडतो होय? उलट यांनी शपथेवर लिहून दिलं, एक कमी नाही, एक जास्त नाही."

मग बाईंनी दोरीवरचे धोतर आणून पंचांपुढे टाकले. "आता या काठाची कुसळं बघा. तीन दिवस गाभाऱ्यात बसून लागतात का ती?"

मैनुद्दीन ओट्यावरून उतरला. "ही कुसळं बाईंनी मला कालच दाखवली. मी शहराबाहेरच्या चौक्यांवर विचारलं." त्याने खूण केली आणि चौकीचा पहारेकरी पुढे आला.

"व्हय, ह्येच," तो भटजींकडे बोट करून म्हणाला. "मंगळवारी सकाळच्याला खराडीच्या वाटंला गेलं, सांजंला आलं. जाताना काखंत गाठोडं व्हतं. म्या इचारलं, तर म्हनाले देवाचा परसाद हाय."

खराडीला भटजींची बहीण दिली होती, हे सगळ्या पेठेला माहीत होते. पहाटेच निघालेले जमादाराचे दोन शिपाई घटकाभरात परतले. बहिणीच्या कणगीत, जोंधळ्याखाली, सात माणकांचा मुकुट सापडला होता. तिला बिचारीला गाठोड्यात काय आहे तेही ठाऊक नव्हते.

"का हो, भटजी?" मैनुद्दीनने विचारले.

"पंधरा वर्षं तो मुकुट मीच घासला," श्रीनिवासभट म्हणाले. "एकदा तरी कुणी माझ्याकडे पाहिलं?"

"आणि म्हणून सोनबाचा हात तेलात जाऊ देत होतात," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला होता. "त्यानंही पंधरा वर्षं तुमच्या समया घासल्यात. तुम्ही एकदा तरी त्याच्याकडे पाहिलंत?"

भटजींना घेऊन जमादार निघाला. जाताना मंदाकिनीबाईंपाशी थांबला, छातीवर हात ठेवून किंचित वाकला, आणि गेला.

अंगणात माणसे घोटाळत उभी राहिली. दिव्य पाहायला आली होती, आता काय पाहायचे ते कळत नव्हते. दत्तोबांनी घसा साफ केला.

"बाई, ते तीन दाणे..."

"मी सांगितलंय कुणाचे ते," मंदाकिनीबाई म्हणाल्या. एक दाणा त्यांनी उंबऱ्यावर ठेवला, एक पदराला बांधला. तिसरा कढईच्या चुलीपासून लांब, भिंतीच्या फटीपाशी टाकला, जिथून मुंग्यांची रांग जात होती. मग कपाळावरची कुंकवाची चिरी बोटाने नीट केली आणि शेट्यांकडे सरळ पाहिले. या वेळी खाली पाहिले ते शेट्यांनी.

कढईत तेल उकळतच होते.

"बायडे," बाई म्हणाल्या, "पेठेच्या खर्चानं एवढं तेल तापलंय, वाया कशाला घालवायचं? चाळीस माणसं सकाळपासून उपाशी बसलीत. कणीक मळ."

पुऱ्या तळून निघाल्या तेव्हा पहिली बायडाबाईने नवऱ्याच्या हातावर ठेवली. नखे काढलेल्या, धुतलेल्या उजव्या हातावर.

"हाय रे, भाजलो!" सोनबा ओरडला, आणि पुरी या हातातून त्या हातात नाचवत, फुंकर मारत खाऊ लागला. थोड्या वेळाने आळीतून पुन्हा ठोके ऐकू येऊ लागले. त्यांत सोनबाचेही होते.